वडोदऱ्यात रग्बी खेळणाऱ्या मुलाला यात कारकीर्द करता येईल का?

आपला सोळा वर्षांचा मुलगा इथे वडोदऱ्यात रग्बी खेळतो आणि त्याला व्यावसायिक खेळाडू व्हायचे आहे, असे आपण लिहिले आहे. रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा एक प्रकार, 1995 साली व्यावसायिक झाली. पंधरा जणांच्या या खेळात पोट भरेल असे करार मुख्यत्वे फ्रान्स, इंग्लंड, आयर्लंड आणि जपानमध्ये मिळतात. भारतात भर आहे तो सात जणांच्या प्रकारावर. तो 2016 पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि 2025 मध्ये मुंबईत त्याची फ्रँचायझी लीगही झाली, म्हणून त्याने तिकडेच लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडताना, डोके प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या बाजूला ठेवून खांदा मांडीवर टेकवण्याची सवय आत्ताच लावा, कारण डोके पुढे राहिले की धावणाऱ्याचा गुडघा थेट कानशिलावर बसतो. पस्तिशीपर्यंत खेळ बहुधा संपतो. तेव्हा सयाजीराव विद्यापीठातली पदवी त्याने सोडू नये.