‘डुप्लिकेट’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा: गोरेगावला मराठी मालिकांची इंग्रजी सबटायटल्स करणाऱ्या एका वाचक ताई ‘ही तर डिट्टो आईची डुप्लिकेट!’ या वाक्यापाशी अडल्या आहेत. लुकअलाइक, डबल, ट्विन, डॉपलगँगर यांतला कुठला शब्द घ्यायचा? आणि ‘पेअर’ व ‘कपल’ यांत नेमका फरक काय?

वाक्याचं उत्तर आधी देते: ‘शीज द स्पिटिंग इमेज ऑफ हर मदर.’ रक्ताच्या नात्यातला सारखा चेहरा सांगायला हा प्रयोग चांगला रुळलेला आहे. त्याचं जुनं रूप ‘स्पिट अँड इमेज’. उच्चाराच्या ओघात त्याचं ‘स्पिटिंग’ झालं. ‘लुकअलाइक’ इथे बसत नाही, कारण तो मुख्यतः नातं नसलेल्या माणसासाठी, त्यातही एखाद्या नटासारख्या किंवा पुढाऱ्यासारख्या दिसणाऱ्यासाठी वापरतात. मुलगी दिसण्यापेक्षा स्वभावाने आईच्या वळणावर गेली असेल, तर ‘टेक्स आफ्टर’ घ्या. ‘डिट्टो’ मात्र सरळ गाळा. हा मूळचा इटालियन शब्द, अर्थ ‘आधी सांगितलेलं’. हिशेबाच्या वहीत वरचंच पुन्हा लिहायला नको म्हणून तो आला. चेहऱ्यासाठी ‘डिट्टो’ म्हणणं ही आपली, आणि फार छान, सोय आहे; पण इंग्रजी वाचकाला ती कळणार नाही.

आता ‘डुप्लिकेट’. मुंबईत हा एक शब्द चार-पाच कामं करतो. क्रॉफर्ड मार्केटातला ‘डुप्लिकेट’ चार्जर म्हणजे नकली. ‘डुप्लिकेट’ चावी म्हणजे जादा चावी. सेटवरचा ‘डुप्लिकेट’ म्हणजे नायकाऐवजी उडी मारणारा. आणि वरच्या वाक्यातली ‘डुप्लिकेट’ म्हणजे हुबेहूब दिसणारी. इंग्रजीत यांतली चावीच तेवढी निर्धोक. तिथे ‘डुप्लिकेट’ म्हणजे मुळाबरहुकूम दुसरी प्रत, आणि त्यात खोटेपणाची छटा नसते. मार्कशीट हरवल्यावर विद्यापीठ देतं ती ‘डुप्लिकेट मार्कशीट’ अगदी अधिकृत असते. बनावट असेल तर ती ‘फेक’ किंवा ‘फोर्ज्ड’.

हा फरक न पाळल्याने खरी अडचण होते. परदेशी कंपनीला ‘आय रिसीव्ह्ड अ डुप्लिकेट प्रॉडक्ट’ असं लिहिलं, तर समोरचा समजतो की एकच वस्तू चुकून दोनदा आली, आणि एक परत पाठवा म्हणून उत्तर येतं. तुम्हाला सांगायचं असतं की माल नकली आहे. तिथे ‘फेक’ लिहा. तक्रार कायद्याच्या भाषेत असेल तर ‘काउंटरफिट’. ब्रँडसारखी दिसणारी स्वस्त नक्कल, जी कधी कधी उघडपणे नक्कल म्हणूनच विकली जाते, ती ‘नॉक-ऑफ’. सही किंवा कागदपत्र खोटं असेल तर ‘फोर्ज्ड’. चोरून उतरवलेला सिनेमा किंवा सॉफ्टवेअर ‘पायरेटेड’.

याच शब्दाचा आणखी एक फास अर्जांमध्ये असतो. ‘सबमिट इन डुप्लिकेट’ म्हणजे एकूण दोन प्रती, मूळ आणि आणखी दोन नव्हे. ‘इन ट्रिप्लिकेट’ म्हणजे एकूण तीन.

सेटवरच्या माणसांसाठी इंग्रजी नावं कामावरून पडली आहेत. धोक्याची उडी मारणारा ‘स्टंट डबल’. चेहरा न दाखवता फक्त पाठ किंवा हात द्यायला उभा राहणारा ‘बॉडी डबल’. लाइट लावेपर्यंत नटाच्या जागी उभा राहतो तो ‘स्टँड-इन’, आणि हा सहसा पडद्यावर येतच नाही. नाटकात मुख्य नट आजारी पडला तर ऐन वेळी उभं राहता यावं म्हणून भूमिका पाठ करून ठेवतो तो ‘अंडरस्टडी’. आपल्या ‘डबल रोल’ला तिकडे ‘ड्युअल रोल’ म्हणतात.

नातं नसताना दोघं हुबेहूब सारखे असतील, तर ‘डेड रिंगर’ हा माझ्या मते सगळ्यात ठसठशीत शब्द. तो घोड्यांच्या शर्यतीतून आला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एका घोड्याच्या नावावर तसाच दिसणारा दुसरा, जास्त वेगवान घोडा पळवायचे, त्या घोड्याला ‘रिंगर’ म्हणत. ‘डेड’ म्हणजे इथे अगदी, तंतोतंत. जिवंतपणी पुरलेल्या माणसाने थडग्यातून घंटा वाजवल्याची जी कथा या शब्दाबद्दल फिरते, ती खोटी आहे. पुढचं अव्यय लक्षात ठेवा: ‘स्पिटिंग इमेज ऑफ’, पण ‘डेड रिंगर फॉर’.

‘डॉपलगँगर’ जर्मन आहे. तो जाँ पॉल या लेखकाने १७९६ मध्ये रूढ केला. शब्दशः अर्थ ‘दुहेरी चालणारा’, आणि मूळ भाव माणसाला स्वतःचंच भुतासारखं प्रतिरूप दिसण्याचा, बहुधा अशुभ. आता फोटोखाली गमतीने लिहितात, ते चालतं. पण गंभीर प्रसंगात ती जुनी सावली वाक्यात शिरते. दुसऱ्याच्या नावावर वावरणारा तोतया मात्र यांपैकी कुणीच नव्हे. तो ‘इम्पोस्टर’. पानिपतानंतर ‘मीच सदाशिवरावभाऊ’ म्हणत पुढे आलेल्यासारखा पदावर हक्क सांगणारा असेल, तर ‘प्रिटेंडर’.

जोडीच्या शब्दांत आपली मराठी मुळीच कमी नाही. कानातल्यांचा जोड, बैलांची जोडी, लग्नाचं जोडपं, प्रेमी युगुल, दोन उचापती मित्रांची जोडगोळी. इंग्रजीतला ‘पेअर’ म्हणजे एकमेकांना शोभणारे नेमके दोन. ‘कपल ऑफ’ त्यामानाने सैल: ‘अ कपल ऑफ डेज’ म्हणजे दोन-तीन दिवस, म्हणून करारात तो लिहू नये, सरळ आकडा लिहावा. टोपलीतले कुठलेही दोन आंबे ‘पेअर’ होत नाहीत. उलट कात्री, चष्मा, पँट या एकेकट्या वस्तू असूनही दोन भागांच्या, म्हणून ‘अ पेअर ऑफ सिझर्स’. दोन कात्र्या म्हणजे ‘टू पेअर्स ऑफ सिझर्स’. ‘टू सिझर्स’ म्हणू नये. बैलजोडीसाठी ‘योक’ आहे, आणि तो आपल्या ‘जू’चा सख्खा भाऊ: संस्कृत ‘युग’ आणि हा ‘योक’ एकाच मुळातून आले.

‘ट्विन’ म्हणजे जुळ्यांपैकी एक. त्यामुळे ‘त्यांना ट्विन झालं’ असं होत नाही. दोन बाळं झाली तर ‘शी हॅड ट्विन्स’. दोनदा जुळी झाली, म्हणजे चार मुलं, तर ‘टू सेट्स ऑफ ट्विन्स’. एकाच बीजातून झालेली ‘आयडेंटिकल’, वेगळ्या बीजांतून झालेली ‘फ्रॅटर्नल’. हॉटेलच्या बुकिंगमध्येही हा शब्द भेटतो: ‘ट्विन रूम’ म्हणजे दोन वेगळ्या एकेरी खाटा, ‘डबल रूम’ म्हणजे दोघांसाठी एकच मोठी खाट. आईला घेऊन जाणार असाल आणि वेगळं झोपायचं असेल, तर ‘ट्विन’ मागा.