लिनक्स : दुकानदार म्हणतो ते आणि भाचा म्हणतो ते

ताई, नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमची अडचण आधी थोडक्यात सांगतो. तहसील कचेरीसमोर झेरॉक्स-डीटीपीचं दुकान, दोन जुने कॉम्प्युटर. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि या मशीनवर ११ चढत नाही. भाचा म्हणतो, "मावशी, विंडोजच्या जागी लिनक्स टाक. फुकट आहे, व्हायरस येत नाही, सगळं चालतं." मशीन विकणारा दुकानदार म्हणतो, "तो हौशी पोरांचा खेळ आहे. कमांड पाठ कराव्या लागतात, धंद्याच्या जागी नको." ऐकायचं कुणाचं?

दोघंही ऐकीव बोलतायत. पण दुकानदाराचं ऐकलंत तर फार तर नव्या मशीनचे पैसे जातील. भाच्याचं जसंच्या तसं ऐकलंत तर ऐन दाखल्यांच्या गर्दीत दुकान बसेल. मी लिनक्सच्या विरोधातला नाही हो, माझ्या घरी २००७ पासून दुसरं काही नाही. लिनक्स वेगवेगळ्या नावांच्या तयार संचांत मिळतं, उबुंटू त्यातलाच एक. तेव्हा उबुंटूवाले मागेल त्याला पोस्टाने घरपोच सीडी पाठवायचे, एक पैसा न घेता. (२०११ मध्ये ते बंद झालं.) मी त्या सीडी प्रसादासारख्या वाटल्या. त्यातला एक प्रसाद माझ्या मावसभावाला चांगलाच भोवला, ते पुढे सांगतो.

आधी 'फुकट'चं बघू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, लिनक्सच्या परवान्याचं मूळ तिथलंच. त्यांना आयुष्यभर समजावत बसावं लागलं की 'फ्री' म्हणजे स्वातंत्र्य, किंमत नव्हे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे तिकडचा घोळ समजू शकतो. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन धडधडीत वेगळे शब्द असताना आपण 'फुकट'च का उचलला, कोण जाणे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जीपीएल परवान्याखाली मिळतो. तो चालवा, त्याचा मूळ कोड वाचा, बदला, पुढे द्या, अगदी विकासुद्धा. मुख्य अट अशी की पुढे दिलात तर घेणाऱ्यालाही कोड आणि तीच मोकळीक मिळाली पाहिजे. तुम्ही त्यावर बनवलेल्या पत्रिका आणि हिशेब मात्र तुमचेच, ते कुणाला दाखवावे लागत नाहीत. (ही शंका मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच.) परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण हात बसेपर्यंत जाणारा वेळ आणि अडल्यावर बोलावलेल्या माणसाची फी हा खर्च आहेच. लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीचा धंदा मुख्यतः अशा पैसे घेऊन दिलेल्या मदतीवरच उभा आहे, आणि आयबीएमने २०१९ मध्ये ती कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली.

'हौशी पोरांचा खेळ' हे १९९१ साली खरं होतं. लिनक्स लिहायला घेणारे लिनस टॉरवल्ड्स तेव्हा हेलसिंकीत शिकत होते आणि २५ ऑगस्टला त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की हा आपला छंद आहे, फार मोठं काही व्हायचं नाही. आज कर्नलमध्ये तीन कोटींहून जास्त ओळी आहेत आणि त्यातलं बहुतेक काम इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी निघते, तिच्यातले नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. दुकानदाराच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या तळाशीही लिनक्सचंच कर्नल आहे, आणि त्याने एकही कमांड पाठ केलेली नसणार.

कमांडची भीती कुठून येते तेही सांगतो. मिंटसारख्या लिनक्समध्ये खाली डावीकडे मेनू, घड्याळ उजवीकडे, फाइलींच्या खिडक्या, सगळं ओळखीचं असतं. पण मदत मागितली की आमच्यासारखे लोक कमांड लिहून देतात, कारण दहा क्लिक वर्णन करण्यापेक्षा एक ओळ चिकटवायला सांगणं सोपं पडतं. आमच्या आळसामुळे लिनक्सची बदनामी झाली आहे. फक्त 'सुडो'ने, म्हणजे मशीनचे पूर्ण अधिकार देणाऱ्या शब्दाने, सुरू होणारी ओळ अनोळखी ठिकाणाहून उचलून, न समजता, चालवू नका.

आता भाच्याचं 'व्हायरस येत नाही'. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस लिनक्सवर सहसा चालत नाही, आणि गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर खुपसले जाणाऱ्या तुमच्या दुकानात हा फायदा मोठा आहे. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटची वेबसाइट फोडून डाउनलोडच्या जागी चोरदरवाजा असलेली आवृत्ती लावली गेली होती. त्याच वर्षी मिराई नावाच्या किड्याने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, आणि ते बहुतेक लिनक्सवरच चालणारे होते.

'कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून सुरक्षित' आणि 'कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून धोकादायक' ही दोन्ही वाक्यं मी सारख्याच ठामपणे ऐकली आहेत. मार्च २०२४ मधला एक्सझेडचा किस्सा दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी छोटीशी लायब्ररी, बहुतेक सगळ्या लिनक्समध्ये असते. ती सांभाळणारा मुख्य माणूस एकच, तोही फावल्या वेळात. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं तिथे इमानेइतबारे मदत केली, विश्वास कमावला, हक्क मिळवले आणि ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा घुसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाचे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे इंजिनिअर वेगळ्याच कामासाठी मोजमापं घेत होते. दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. ते खणत गेले आणि २९ मार्चला त्यांनी सगळं जाहीर केलं. डेबियन नावाच्या लिनक्सच्या स्थिर, म्हणजे नीट तपासून दिलेल्या, आवृत्तीपर्यंत तो कोड तोवर पोचलेलाच नव्हता.

कोड उघडा होता म्हणून एक माणूस तळापर्यंत जाऊ शकला, हे खरं. एका दमलेल्या माणसावर सगळं सोडून बाकीचे निर्धास्त होते, हेही खरं. म्हणून तुम्ही एवढंच करा : स्थिर आवृत्ती घ्या, प्रोग्रॅम तिच्याच सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका आणि अपडेट टाळू नका.

राहिलं 'सगळं चालतं'. मावसभावाचा छापखाना आहे. २००९ च्या लग्नसराईआधी मी मोठ्या उत्साहाने त्याच्या मशीनवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. फाइली जपून दुसरीकडे ठेवल्या होत्या, त्याचा मला अभिमानही होता. दुसऱ्या दिवशी त्याने जुनी पत्रिका उघडली. 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी एक कंस, डॉलरचं चिन्ह, इंग्रजी एफ आणि डोक्यावर टोपी असलेला ए. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नव्हता. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खुर्चीवर देवनागरीचे तुकडे बसवायचे, फॉन्ट गेला की खुर्ची उघडी पडायची. फॉन्ट आणून टाकले, अक्षरं दिसली. पण टाइप कशाने करणार? टाइपिंगच्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे मशीनला खोचायची परवान्याची किल्ली, लागायचा आणि तो फक्त विंडोजला ओळखायचा. भाऊ काही बोलला नाही. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, संध्याकाळपर्यंत होईल ना पूर्वीसारखं?" झालं, रात्री एक वाजता.

युनिकोडमधली मराठी आता लिनक्सवर उत्तम दिसते आणि लिहिता येते. इनस्क्रिप्ट येत असेल तर तोच कळफलक मिळतो, बोटांना नव्याने काही शिकवावं लागत नाही. मुक्ता, बालू यांसारखे देखणे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यात आहेत. अर्ज, शपथपत्रं, बायोडाटा ही कामं लिबरऑफिसमध्ये होतात. पण कोरलड्रॉ आणि टॅली लिनक्ससाठी निघत नाहीत. डिजिटल सहीचा टोकन आणि अंगठा घेणारं यंत्र यांचे ड्रायव्हर अनेकदा विंडोजपुरतेच मिळतात. प्रिंटरचं तर नशीब आहे. काही जोडताक्षणी छापतात, काही जुने लेझर आठवडाभर रडवतात. हा दोष बऱ्याचदा ड्रायव्हर न देणाऱ्या कंपनीचा असतो, पण गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना दोष कुणाचा हे विचारत नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही मशीन एकदम हलवू नका. सही, अंगठा आणि कोरलसाठी सेकंडहँड का होईना, ११ घेणारं एक मशीन आणा. इंटेलचं असेल तर आठव्या पिढीचं किंवा पुढचं बघा. जुन्यांपैकी एकावर मिंट टाकून टायपिंग, ऑनलाइन फॉर्म आणि स्कॅन तिकडे वळवा. दुसऱ्याचं त्यानंतर ठरवता येईल.

आणि टाकण्याआधी एक रविवार द्या. भाच्याला आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट करायला सांगा, मशीन त्यावरून चालू करा. काही इन्स्टॉल न करता ते थेट वापरता येतं, थोडं संथ चालेल. प्रिंटर जोडून एक पान छापा, दोन्ही बाजूंनी. झेरॉक्स मशीनवरून स्कॅन घ्या. रोज लागणारी पोर्टलं उघडून लॉगिनपर्यंत जा. पाच जुन्या मराठी फाइली उघडा, त्यातली एक २०१० च्या आधीची असू दे. जे अडेल ते वहीत लिहा, मेनूतून मशीन बंद करा आणि पेन ड्राइव्ह काढा. विंडोज जिथल्या तिथे असेल. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल'चं चिन्ह दिसेल, त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही. आत 'डिस्क पुसून टाका' असा पर्याय येतो आणि तो सांगितलेलं काम चोख करतो.

वहीतली यादी आणि प्रिंटरचं मॉडेल इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.