काळ्या भारी मातीत गादीवाफे करताना वाळू मिसळावी का?

तुम्ही विचारलंय की जळगाव जिल्ह्यात यावलजवळ घरामागच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं, वांगी-मिरचीची रोपं पिवळी पडून जातात, तर ट्रॉलीभर वाळू मिसळून गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करावेत का. गादीवाफे जरूर करा, वाळूचे पैसे मात्र वाचवा.

मी चोपडा तालुक्यात अशाच जमिनीत घरापुरता भाजीपाला करतो. आपली ही माती काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या झिजेतून झालेली. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगलेल्या मातीत हवा उरत नाही, मुळं गुदमरतात, आणि पाणी मुबलक असूनही रोप पिवळं पडतं. थोडी वाळू टाकली तर चिकणमाती तिच्या कणांमधल्या फटी भरून टाकते. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागेल. बाहेरची लाल माती आणून वर ओतू नका. दोन वेगळ्या मातींच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळंही तिथेच घुटमळतात.

या मातीला उपाय एकच, कुजलेलं खत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जमीन खणून ढेकळं उन्हात तापू द्या. पहिल्या एक-दोन पावसांत ती आपोआप फुटतात. त्यानंतर वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होईपर्यंत, हात लावायचा नाही. नवीन माणसाची घाई नेमकी इथे नडते, म्हणून हे पुन्हा सांगतो: चपलेला माती चिकटत असेल तर वाफ्यात पाय ठेवू नका. मुठीत गोळा करून कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर काम सुरू करा, चपटा झाला तर थांबा. ओल्यात खणलेली काळी माती वाळल्यावर दगड होते आणि तो हंगाम हातचा जातो.

वाफशावर दोन-तीन इंच शेणखत पसरून कुदळीने वीतभर खोल मिसळा. दहा फूट लांब, तीन फूट रुंद वाफ्याला निदान दहा-बारा घमेली लागतात. शेणखत पूर्ण मुरलेलंच घ्या, कच्च्या शेणात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. मग दोन्ही बाजूंच्या दीड फुटी पाटांतली माती वर ओढून वाफा आठ-दहा इंच उंच करा. पाटांना थोडा उतार देऊन पाणी बांधाबाहेर काढा. पाणी जायला वाट नसेल तर वाफा कितीही उंच करून उपयोग नाही. रुंदी तीन फूटच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफा कधीच तुडवला जात नाही. कडेला फळ्या लावायचा मोह होतो, पण त्यांना वाळवी लागते, आणि विटांचं पक्कं बांधकाम माती फुगली की तडकतं. उतरत्या कडा पुरेशा आहेत.

वर आच्छादन हवंच. केळीचा वाळलेला पाला आपल्याकडे हवा तेवढा मिळतो, तो चार बोटं जाड अंथरा. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, वापरायची तर बारीक तुकडे करून, आणि बोंडअळीची बोंडं काढूनच. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा उंच वाफा फार लवकर वाळतो. त्या दिवसांत भाजी घ्यायची असेल तर ठिबकची नळी आच्छादनाखाली टाका, नाहीतर सपाट वाफेच करा.

जिप्सम टाका असं कुणी सांगेल. ते चोपण, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेल्या जमिनीचं औषध आहे. माती परीक्षणात सोडियम जास्त निघाला तरच टाकायचं.

पहिल्या वर्षी भरताची वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर आणि कडेला मांडवावर गिलके लावा. गाजर दोन-तीन हंगाम खत पडल्यावर. त्याआधी ते वाकडंतिकडं, फाटे फुटलेलं निघतं.