धुतलेला फिल्टर आणि तरीही इंजिनात धूळ

प्रश्न : माझ्याकडे फोमचा एअर फिल्टर असलेली, कार्ब्युरेटरची डर्ट बाईक आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही मित्र मुरमाड माळावर आणि नांगरटीच्या कडेने गाड्या चालवतो. गॅरेजमधील मिस्त्री फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन, पिळून लगेच बसवून देतात. तरीही सकाळी गाडी लवकर चालू होत नाही आणि पिकअपही कमी झाला आहे. फिल्टर घरी कसा धुवावा आणि केव्हा बदलावा?
— एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : आपल्या पत्रातील दोन गोष्टी काळजीच्या आहेत. फिल्टर पेट्रोलमध्ये धुतला जातो आणि धुतल्यानंतर त्याला तेल लावल्याचा आपण कोठेही उल्लेख केलेला नाही. फोमच्या फिल्टरमध्ये बारीक धूळ अडवण्याचे काम प्रामुख्याने त्याच्या छिद्रांत पसरलेले चिकट तेल करते. फोमची छिद्रे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. आपल्या काळ्या जमिनीत मात्र चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि तिचा कण 2 मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतो. चैत्र-वैशाखात पुढची गाडी गेल्यावर जो फुफाटा उठतो आणि बराच वेळ हवेत तरंगत राहतो, त्यातील बारीक माती कोरड्या फोममधून सरळ आत जाते. म्हणून मळका, पण तेल धरून असलेला फिल्टर एक वेळ परवडला. स्वच्छ धुतलेला कोरडा फिल्टर कधीही बसवू नये.

फिल्टर चोंदला तर इंजिनाला हवा कमी पडते, प्लगवर काजळी धरते, धूर काळा येतो आणि ॲव्हरेज घटते. फिल्टर साफ केला की हा त्रास सहसा थांबतो. धूळ आत जाऊ लागली तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासले जातात, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, उतरते, ऑइल जळून निळसर धूर येतो, आणि झालेली झीज फिल्टर धुऊन भरून येत नाही. सकाळी गाडी चालू न होणे या दोन्हींमुळे घडू शकते; त्यामुळे आपण आधी प्लगचा रंग पाहावा आणि मिस्त्रींकडून कॉम्प्रेशन व व्हॉल्व्हचे अंतर तपासून घ्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. त्याने फोमच्या सांध्यांचा गोंद सुटतो, फोम ठिसूळ होत जातो आणि आगीचा धोका असतो तो वेगळाच. फिल्टर काढण्यापूर्वी सीटखालची आणि एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टर ज्या पेटीत बसतो तिच्या, झाकणाभोवतीची माती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. फिल्टर निघताच आतील हवेच्या नळीच्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारे कापड बसवावे. एअरबॉक्स पुसून झाल्यावर कापड काढून नळीच्या आतून बोट फिरवून पाहावे, कारण एवढ्या एका तपासणीत बरेच काही कळते: बोटाला माती लागली, तर धूळ फिल्टर चुकवून आत जात आहे.

फोम तारेच्या जाळीवरून सावकाश उतरवावा. जुने तेल सोडवण्यासाठी फोम फिल्टरचे खास क्लीनर मिळते. ते नसेल तर कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा द्रव साबण घेऊन दोन-तीन वेळा धुवावे. फोम तळहातांमध्ये दाबावा, पिळू मात्र नये. पिळल्याने तो सांध्यावर फाटतो. पाणी आतून बाहेर सोडावे, म्हणजे बाहेर अडकलेली माती आत ढकलली जाणार नाही. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावांतही हे काम जमते: दोन लहान टपांत पाणी घ्यावे, एकात साबणाने धुवावे आणि दुसऱ्यात खळखळून काढावे. नंतर फोम सावलीत पूर्ण वाळू द्यावा. ओलसर फोमला तेल नीट धरत नाही.

तेल फोम फिल्टरसाठीचेच घ्यावे. साधे इंजिन ऑइल हळूहळू खाली उतरते आणि फोमचा वरचा भाग कोरडा पडतो. गाडीतून काढलेल्या जळक्या ऑइलमध्ये तर धातूचे कण असतात. फोम प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून, त्यावर तेल ओतून, कणीक मळल्यासारखा दाबत राहावे. फिल्टरचे तेल बहुधा रंगीत असते, त्यामुळे फिका राहिलेला डाग लगेच ओळखू येतो. सगळीकडे सारखा रंग आला की जादा तेल दाबून काढावे आणि फोम काही वेळ उघडा ठेवावा, म्हणजे तेल चिकट होते.

बसवताना फिल्टरच्या कडेला, जेथे तो एअरबॉक्सला टेकतो तेथे, ग्रीसचा पातळ थर सलग फिरवावा आणि कड सर्व बाजूंनी बसल्याची खात्री बोटाने करूनच बोल्ट आवळावा. घाईत नेमके हेच राहून जाते आणि मग उत्तम तेल लावलेल्या फिल्टरच्या बाजूने धूळ आत शिरते.

धुळीतून चालवल्यावर प्रत्येक वेळी फिल्टर उघडून पाहावा. फोम उजेडासमोर धरून ताणला असता सांधा सुटलेला दिसला, चिमटीत भुगा आला किंवा दाबल्यावर तो पूर्ववत फुगेनासा झाला, तर नवा घ्यावा. गोंद लावून तो पुन्हा वापरू नये. शक्य असल्यास दोन फिल्टर ठेवावेत, म्हणजे एक वाळत असताना दुसरा तयार असतो.

प्रश्न : माझ्या रोजच्या मोटारसायकलला कागदी फिल्टर आहे. जिनिंगच्या परिसरात जा-ये असल्याने त्यात कापसाचे तंतू अडकतात. तो धुता येईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : नाही. पाण्याने कागदाच्या घड्या कोलमडतात. फिल्टर कोरड्या कागदाचा असेल तर तंतू हलक्या हाताने झटकावेत आणि हवा मारायचीच असल्यास कमी दाबाने, आतून बाहेर मारावी. पंक्चरच्या दुकानातील पूर्ण दाबाची हवा कागद फाडते. अनेक गाड्यांत मात्र कंपनीनेच तेल लावलेला कागद असतो. त्याला हवा मारू नये. गाडीच्या पुस्तिकेतील मुदतीला, आणि आपल्यासारख्या वापरात त्याही आधी, तो बदलून टाकावा.