‘आलो’, ‘आले’ आणि एक जाडजूड फाईल

“मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल हायत. मग ही असं का म्हणती?”

आईंनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली. सोनोग्राफी, हॉर्मोन्सच्या तपासण्या, दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या त्यांच्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला घरी सांगितलं होतं, “मी मुलगी नाही, मुलगाही नाही. मी नॉनबायनरी आहे.” शब्द घरात कोणालाच कळला नाही, म्हणून आधी डॉक्टर आणि मग मी, समुपदेशक.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. लेकराला आपण किरण म्हणू. किरणबद्दल लिहिताना मी ‘ते’ वापरणार आहे, ‘ते लेकरू’मधलं. किरणला विचारूनच.)

पहिल्या भेटीत माझंच चुकलं. मी दोन पानांची शब्दसूची आईंच्या हातात दिली: ट्रान्सजेंडर, इंटरसेक्स, जेंडरफ्लुइड, एजेंडर, अजून बरंच काही. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवत ती वाचली आणि दबक्या आवाजात विचारलं, “एवढे प्रकार असत्यात ह्या आजाराचे?”

कागद मी परत घेतला आणि त्यांचीच फाईल उघडली. म्हटलं, ही फाईल शरीराबद्दल बोलते. काहींची शरीराची ठेवण जन्मतःच बाई किंवा पुरुष या साच्यात पूर्ण बसत नाही, त्यांना आंतरलिंगी किंवा इंटरसेक्स म्हणतात. ते तपासणीत दिसू शकतं. किरण जे सांगतंय ते मात्र आपण आतून कोण आहोत याबद्दल आहे, आणि ते सोनोग्राफीत सापडणार नाही. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आहेत हे खरंच, आणि किरण सांगतंय तेही खरंच.

आजाराचंही तिथेच सांगून टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू आहे. तिच्यात लिंगओळखीचा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढलाय. वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “मग तुम्ही तिच्या डोक्यातनं हे काढून टाकणार न्हाई?” नाही. तसे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. मी डॉक्टर नाही, पण हा नियम मीही पाळते. वडिलांना माझं उत्तर आवडलं नाही. तरी पुढच्या भेटीला ते आले, हे महत्त्वाचं.

त्यांचा पुढचा प्रश्न अर्थातच लग्नाचा. कोणाबद्दल ओढ वाटते हा लैंगिक कल, तो वेगळा विषय. नॉनबायनरी या शब्दातून त्याबद्दल काहीच कळत नाही. आईंची भीती त्याहून जुनी होती. “आमच्याकडं सौंदत्तीचे जोगते येत्यात. त्यांच्या पाया पडतो आम्ही. पण आपल्या घरात...” वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. मी म्हटलं, यल्लम्मा देवीला वाहिलेले, साडी नेसणारे जोगते, हिजडा समाज यांचं गुरू-चेल्यांचं, रीतिरिवाजांचं सगळं जग आहे. किरणने कुठल्या जगात जाण्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही. ते परीक्षेला बसतंय, मेसचं जेवण वाईट आहे म्हणतंय.

किरण एकटं भेटायला आलं तेव्हा दारातूनच म्हणालं, “मी आलो.” मी मूळची नाशिकची. मनात लगेच नोंद केली, की पुल्लिंगी क्रियापद! पुढे हे आईंना सांगितलं तर त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. “अहो मॅडम, मीपण ‘आलो’च म्हणतो की! आमच्याकडं बायका ‘जातो-येतो’च म्हणत्यात.”

किरणकडून कळलं ते असं. कोल्हापुरात ‘आलो’ म्हणताना कधी कोणी थांबवलं नव्हतं. पुण्याच्या हॉस्टेलवर मैत्रिणी रोज दुरुस्त करायच्या: “आले म्हण, आले!” आणि ते टोचायला लागलं. वाटणं त्याआधीचंच, अगदी शाळेतल्या मुलामुलींच्या वेगळ्या रांगांपासूनचं. त्याला शब्द मात्र तेव्हा मिळाला. पुण्यात मग किरणने वाट काढली. ‘मला जायचंय’, ‘मी येईन’, ‘मी केलं’, ‘मी जेवणार नाही’. यातून बाई बोलतेय की पुरुष, पत्ता लागत नाही. माझ्यासमोरही पाऊण तास ते ‘आलो’नंतर असंच बोललं आणि माझ्या लक्षात आलं नाही! व्याकरणाच्या बाईंनी कौतुक करावं असं काम.

“इंग्रजीत ते ‘दे’ (they) म्हणतात, मराठीत काय म्हणायचं?” हे मला पालक नेहमी विचारतात. एकच उत्तर नाही. कोणी आदरार्थी ‘ते’ निवडतं, कोणी ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही चालवून घेतं, कोणाला नुसतं नाव पुरतं. ज्याचं त्याला विचारावं. आईंना आदरार्थी ‘ते’ पटेना. “पोटच्या पोराला अहो-जाहो करू?” किरणने त्यांना आठवण करून दिली, “तू चिडलीस की मला काय म्हणतेस?”

“कुठं उलथलंय हे पोरगं,” आई म्हणाल्या आणि थांबल्या.

“तेच म्हण की.”

वडील अजून ‘ती’च म्हणतात. किरण म्हणतं, असू दे सध्या.

शेवटच्या भेटीची पावती लिहिताना सवयीने मी नावाआधी ‘कु.’ लिहिलं आणि दचकून खोडायला लागले. किरणने वाकून पाहिलं. “राहू दे मॅडम. कुमार की कुमारी, कुणाला कळतंय?”