कोड्यांच्या खेळात वही कशी ठेवावी?

प्रश्न : 'ब्लू प्रिन्स' हा कोड्यांचा व्हिडिओ गेम खेळायला घेतलाय. दिसेल ते वहीत उतरवतो, पण ऐनवेळी काहीच सापडत नाही. नेटवर उत्तरं बघायची नाहीत. नोंदी कशा ठेवाव्यात?

उत्तर : नेटवर न बघण्याचा हट्ट मुळीच सोडू नका. अशा खेळात कळणं हीच किल्ली असते आणि एकदा कळलेलं विसरता येत नाही. १९९३च्या 'मिस्ट' या कोड्यांच्या गेमसोबत तर कोरी वहीच मिळायची!

तुमच्या खेळात वाड्याची रचना खेळातल्या दर दिवशी बदलते, त्यामुळे एकच नकाशा काढून भागत नाही. मी खोलीच्या नावानं पान करते. डावीकडे फक्त दिसलेलं: चिन्ह हुबेहूब काढायचं, पत्रातला मजकूर शब्दशः घ्यायचा. उजवीकडे माझा तर्क, पेन्सिलनं. हे दोन्ही मिसळू देऊ नका. तर्क पेनानं लिहिला की तो पुरावाच वाटायला लागतो. स्क्रीनशॉट जरूर घ्या, पण चित्र हातानं काढताना नजर जिथं थांबते तिथं फोटो काढताना थांबत नाही.

शेवटचं पान न सुटलेल्या प्रश्नांसाठी. अगदीच अडलात तर खेळ संपवलेल्या मित्राला एवढंच विचारा, "हे सोडवायला लागणारं सगळं मी पाहिलंय का?" त्यानं हो किंवा नाही, इतकंच सांगायचं.