कंपासने काढलेला ‘ओ’ बुटका का दिसतो?

प्रश्न : सेरिफ (रेघांच्या टोकांना असणाऱ्या छोट्या आडव्या रेघा) नसलेली, ठळक, भौमितिक वळणाची अक्षरं मला फार आवडतात. पोस्टरसाठी ती कंपास-पट्टीने काढली, पण रोमन ‘ओ’ शेजारच्या ‘एच’पेक्षा बुटका दिसतो, वरखाली सुजल्यासारखा वाटतो. मापं तर तपासली आहेत. हेच वळण माहितीपत्रकाच्या मजकुरालाही वापरू का?

उत्तर : कंपास बाजूला ठेवा, आता डोळ्याने काम करायचं आहे. गोल आकार रेषेला जेमतेम टेकतो, म्हणून ‘एच’एवढाच उंच ‘ओ’ ठेंगणा भासतो. तो वर आणि खाली किंचित बाहेर काढावा लागतो. शिवाय सारख्याच जाडीची आडवी रेघ उभीपेक्षा जाड दिसते. तुम्हाला जाणवलेली सूज तीच. माथा आणि तळ बाजूंपेक्षा बारीक करा. अक्षर जितकं ठळक, तितका हा फरक वाढवा. लहान ‘एन’, ‘बी’मध्ये कमान दांड्याला मिळते तिथेही रेघ निमुळती हवी, नाहीतर सांध्यात काळा डाग बसतो.

अक्षररचनाकार पाउल रेनर यांनी हे सगळं केलं आहे. त्यांचा फुटुरा हा भौमितिक वळणाचा टाइप १९२७ मध्ये फ्रँकफर्टच्या बाउअर फाउंड्रीतून, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यातून, आला. सुरुवातीच्या आराखड्यांत त्यांचा लहान ‘आर’ म्हणजे एक दांडा आणि शेजारी सुटा गोळा! असे आकार पुढे मागे पडले. भूमितीवर इतकं प्रेम असून त्यांनी वाचणाऱ्याच्या डोळ्याला मान दिला, आणि मला त्यांचं मोठेपण तिथेच दिसतं.

देवनागरीत तर काम आणखी नाजूक. शिरोरेषा, दांडा आणि वाटी (अक्षराचा गोल भाग) सरसकट जाड केली की ‘क्ष’, ‘ष्ट्र’ यांच्या पोकळ्या बुजतात. पॉपिन्स हा फॉन्ट पडद्यावर भरपूर मोठा करून पाहा. त्याची देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. सगळ्यात ठळक वजनातला, म्हणजे सगळ्यात जाड रेघेचा, ‘क’ घ्या आणि वाटी दांड्याला जिथे भिडते तिथे रेघ कशी वळते ते निरखा. हे पाहण्यात तासभर गेला तरी चालेल.

मजकुराला मात्र हे वळण नको. फुटुरात लहान ‘ए’ म्हणजे गोल आणि दांडा, त्यामुळे छोट्या आकारात तो ‘ओ’च्या फार जवळ जातो, ठळक केला की आतली पोकळीही आटते. मोजके शब्द असले तर त्याची ताकद कळते. १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेल्या फलकाची अक्षरं फुटुरातलीच आहेत, सगळी कॅपिटल. तुम्हीही शीर्षक, तारीख आणि मोठे आकडे एवढ्यालाच हे वळण द्या. मजकुरासाठी ‘मुक्ता’सारखा शांत फॉन्ट, मध्यम वजनात.

शीर्षक मोठं असेल तर रोमन लहान लिपीतली अक्षरं थोडी जवळ घ्या, पण पूर्ण कॅपिटल ओळ थोडी सैल सोडा. ‘ए’ आणि ‘व्ही’ शेजारी आले की मधली फट हातानेच कमी करा.